मुके मिस्त्री घरी होते ते नऊ दिवस

मिस्त्रींना बोलता येत नव्हतं असं मुळीच नाही. कामावर "वीट दे", "पाणी मार", "सूत ताण" एवढं ते बोलायचे आणि घरी आल्यावर "दार नीट लावलंस का?" एवढं. त्यापलीकडे दिवसभरात त्यांच्या तोंडून निघणारे शब्द एका हाताच्या बोटांवर मोजून झाले असते. कामावरच्या मंडळींनी त्यांना मुके मिस्त्री म्हणायला सुरुवात केली आणि ते नाव असं काही चिकटलं की पत्ता विचारत आलेल्यालाही गल्लीतली माणसं सांगायची, "मुक्या मिस्त्रींचं ना? असेच वर चढा, चढ संपला की शेवटचं घर."

हात मात्र बोलका होता. त्यांनी बांधलेली भिंत दुसऱ्या गवंड्याने तपासायची नसते, असं ठेकेदारसुद्धा म्हणायचा. सकाळी सहाला घराबाहेर पडायचं, दिवसभर परातीवर थापी आपटायची आणि अंधार पडता पडता पायापासून भुवयांपर्यंत सिमेंटने पांढरं होऊन परत यायचं, हा त्यांचा वीस वर्षांचा शिरस्ता. जेवून उठले की दहाव्या मिनिटाला घोरणं सुरू. घरात तीन मुलं होती, हे त्यांना ठाऊक होतं. पण ती दिवसभर काय करतात, कशाला हसतात, कशावरून भांडतात, हे त्यांनी कधी पाहिलेलं नव्हतं. पाहायला ते जागे कुठे असायचे?

थोरली अकरा वर्षांची, शहाणी, जबाबदार, आईची सावली. मधली आठ वर्षांची आणि तिखट. मनात आलेलं तोंडाच्या आत ठेवणं तिला जमायचं नाही. आणि सगळ्यांत धाकटा चार वर्षांचा. त्याला सगळे शेंडेफळच म्हणायचे आणि त्यालाही आपलं नाव शेंडेफळच आहे असं वाटायचं.

पावसाळ्यात बांधकामं थांबायची, पण मिस्त्री कुठलं तरी आतलं काम शोधून बाहेर पडायचे, आणि मुलांना सांभाळायला त्यांची आजी, म्हणजे मिस्त्रीणबाईंची आई, येऊन राहायची. त्या वर्षी मात्र सगळंच एकदम जुळून आलं. आजी मुलाकडे अडकली, कारण तिकडे सुनेला जुळं झालं होतं. शाळेच्या तळमजल्यात पाणी शिरून बाकं तरंगायला लागली म्हणून शाळा बंद. आणि मिस्त्रींच्या हातातलं आतलं कामही, रस्ता वाहून गेल्यामुळे, पुढे ढकललं गेलं. मिस्त्रीणबाई रुग्णालयाच्या धुलाईघरात होत्या. पाऊस लागला की चादरी वाळत नाहीत आणि यंत्रं दुप्पट चालवावी लागतात; त्यांना रजा मिळणं शक्यच नव्हतं.

पहिल्या दिवशी सकाळी रेनकोटची बटणं लावता लावता त्यांनी सूचना दिल्या. "दूध तापवून ठेवलंय. बटाटे उकडून ठेवलेत. धाकट्याला चुलीजवळ फिरकू देऊ नका. आणि अहो, त्यांना नुसतं गप्प बसवून ठेवू नका. पोरं आहेत ती, विटा नव्हेत."

"बरं," मिस्त्री म्हणाले.

नऊ वाजेपर्यंत ठीक चाललं. मग घर लहान व्हायला लागलं. समोरची खोली, स्वयंपाकघर आणि मागची खोली, एवढंच काय ते घर. त्यात आडव्या दोऱ्यांवर ओले कपडे, खाली थेंबांसाठी ठेवलेल्या बादल्या. शेंडेफळ खाटेवरून बादलीत उडी मारायच्या तयारीत. मधली आणि थोरली एकाच उशीवरून हमरीतुमरीवर आलेल्या. मिस्त्रींनी दोन वेळा "ए" म्हटलं. तिसऱ्यांदा बादली उलटली तेव्हा ते असे काही ओरडले की दोरीवरचा एक मोजा खाली पडला.

मग घरात जी शांतता पसरली, ती त्यांना आधी बरी वाटली. तिघं भिंतीला टेकून ओळीने बसली. पाऊस पत्र्यावर वाजत होता. मिस्त्रींनी वर्तमानपत्र उघडलं, कालचंच होतं, तरी वाचलं. थोड्या वेळाने ते पाणी प्यायला उठले आणि स्वयंपाकघरात गेले, तेव्हा मागे कुजबुज ऐकू आली. शेंडेफळ विचारत होता, "ताई, आता खेळायचं?"

थोरली त्याला समजावत होती. अगदी समंजस आवाजात, कुठलाही राग नाही, जसं काही पाऊस थांबला की बाहेर जाऊ म्हणावं तसं. "आत्ता नको. बाबा कामावर गेले ना, की मग खेळू."

मिस्त्री पेला हातात धरून उभेच राहिले. पोरीच्या बोलण्यात तक्रार असती तर त्यांना एवढं लागलं नसतं. पण तिने ते अगदी साधं सांगितलं होतं, घरातली एक नेहमीची अडचण सांगावी तसं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी प्रयत्न केला. कागदाची होडी करायला घेतली, पण बोटं जाड, घडी कुठे घालायची ते आठवेना. होडीची टोपी झाली आणि टोपीचा चेंडू. मुलांनी विनयाने "छान आहे बाबा" म्हटलं. गोष्ट सांगायला बसले. "एक राजा होता," म्हणाले आणि पुढचा राजा काही केल्या हलेना. शेवटी मधलीनेच विचारलं, "मग तो मेला का?" मिस्त्री सुटकेने म्हणाले, "हो." गोष्ट संपली.

त्यांना हसू आलं आणि लाजही वाटली. शंभर फूट भिंत सरळ उभी करणारा माणूस आपण, आणि तीन पोरांपुढे हात टेकले!

सुरुवात झाली ती त्या दुपारी, आणि तीही त्यांच्यामुळे नव्हे. दाराआड त्यांची हत्यारांची पिशवी असायची. एरवी तिला हात लावायची कुणाची छाती नव्हती. पण शेंडेफळाला अजून भीती नीट कळत नव्हती. तो पिशवीतून पितळेचं काहीतरी ओढून घेऊन आला. खाली टोकदार, वर गोल, मधोमध दोरा.

"बाबा, भोवरा!"

थोरली झटकन पुढे झाली. मिस्त्रींनी हात पुढे केला, पण काढून घ्यायला नाही. "भोवरा नाही रे. ओळंबा आहे. फिरला नाही तरच कामाचा."

"मग काय करतो तो?"

"लटकतो."

"नुसता लटकतो?"

"नुसता लटकतो. पण सरळ लटकतो. जगात दुसरं काही सरळ असो-नसो, हा सरळच." मिस्त्री उठले. दोऱ्यात ओवलेला लाकडी ठोकळा त्यांनी समोरच्या भिंतीला वरच्या बाजूला लावून धरला आणि ओळंबा खाली सोडला. "हे बघा, ठोकळा आणि ओळंब्याचं पोट, दोन्ही एकाच मापाचं. भिंत सरळ असली तर तो खाली भिंतीला नुसता शिवेल. चिकटून बसला तर भिंत मागे गेलीये. लांब राहिला तर भिंत पुढे आलीये."

ओळंबा डुलला, डुलणं कमी होत गेलं, आणि भिंतीला जराही दाब न देता शिवून थांबला. तिन्ही मुलं गुडघ्यावर बसून बघत होती.

"पास!" मधली ओरडली.

मग काय, घर डोक्यावर घेतलं त्यांनी, पण आता मिस्त्रीही त्यात होते. थोरलीने जुन्या वहीत दोन रकाने आखले, एक सरळचा, एक वाकड्याचा. दाराची चौकट सरळ. खिडकी सरळ. पाण्याच्या पिंपाचं स्टँड वाकडं. खाटेचा एक पाय वाकडा, शेंडेफळाच्या उड्यांमुळे. मग मधलीने बहिणीला भिंतीजवळ उभं करून तिच्या नाकापासून ओळंबा सोडला आणि "ताई पुढे झुकलेली आहे" असा निकाल दिला. शेंडेफळाच्या बाबतीत ओळंबा त्याच्या पोटावरच येऊन टेकला आणि खालीच जाईना. त्याला वेगळा रकाना करावा लागला. "पोट" असं वर लिहून.

संध्याकाळी मिस्त्रीणबाई निथळत घरात शिरल्या तर उंबऱ्यातच त्यांना थांबवण्यात आलं.

"आई, हलू नकोस! मोजतोय."

"अगं, पाणी गळतंय माझ्या अंगावरनं!"

"गळू दे. बाबा, बघा, आई सरळ आहे का?"

मिस्त्री डोळे बारीक करून म्हणाले, "सकाळी होती. आता जरा दमून डावीकडे कललीय." मिस्त्रीणबाई नवऱ्याकडे बघतच राहिल्या. सलग एवढे शब्द, आणि तेही गमतीचे!

तिसऱ्या दिवशी पाण्याची नळी निघाली. पारदर्शक, लांबलचक, आत पाणी भरलेली. एक टोक समोरच्या खोलीत, दुसरं स्वयंपाकघरात. दोन्हीकडचं पाणी एकाच उंचीला थांबतं, मध्ये कितीही वळणं असोत, हे मुलांना दाखवलं तर ती पटवून घ्यायलाच तयार होईनात. थोरली इकडून खूण करी, मधली तिकडून. मग सापडलं की स्वयंपाकघर समोरच्या खोलीपेक्षा अर्धं बोट खाली आहे, म्हणूनच सांडलेलं दूध नेहमी चुलीकडे पळतं. हा शोध लागल्यावर मधलीने मुद्दाम एक पेला पाणी सांडून खात्री करून घेतली. शेंडेफळाने नळीच्या टोकाला तोंड लावून "हॅलो, आजी" म्हटलं आणि पलीकडच्या टोकातून मधलीच्या तोंडावर पाणी उडालं.

शेजारच्या काकूंकडेही हे तपासणी पथक गेलं. काकूंचं दार वाकडं निघालं. "माझं दार? चाळीस वर्षं उघडतंय न् लागतंय!" काकू रागावल्या, पण दुसऱ्या दिवशी त्यांनीच हाक मारली, "मिस्त्री, तुमच्या पोरींना पाठवा हो, माझं कपाटही बघून जाऊ दे."

एक गोष्ट मात्र मिस्त्री टाळत होते. वहीत मागची खोली आली की ते म्हणायचे, "ती राहू दे. तिथे कपड्यांची गर्दी आहे." आणि मुलांचं लक्ष दुसरीकडे वळवायचे.

सहाव्या दिवशी पन्हळीत पाला अडकला आणि पाणी खिडकीतून आत यायला लागलं. मिस्त्री शिडी लावून वर चढले. पाला काढून, भिजून चिंब होऊन आत आले, तर समोरची खोली रिकामी. मागच्या खोलीतून आवाज येत होता. दोरीवरचे कपडे बाजूला सारले होते. थोरली स्टुलावर उभी, ठोकळा भिंतीला लावलेला. मधली खाली पालथी पडून बघत होती. ओळंबा भिंतीपासून सुटून, मोकळ्या हवेत, निवांत थांबलेला होता. मधलीने त्याच्यात आणि भिंतीत आपली बोटं घालून पाहिली.

"दोन बोटं," ती म्हणाली. "बाबा, ही भिंत दोन बोटं पुढे आलीये! म्हणूनच कपाट भिंतीला खाली टेकत नाही. म्हणूनच पेन्सिली खालून मागे घरंगळतात."

मिस्त्री केस पुसत होते, ते तसेच थांबले.

"पडणार तर नाही ना?" थोरलीने विचारलं.

"नाही. कोपऱ्यात खांब आहेत. शंभर वर्षं पडणार नाही."

"पण बांधली कुणी अशी?" मधली उठून बसली होती. "त्याला बोलवा ना. सरळ करून द्यायला सांगा. वाकडी बांधून गेला आणि तुम्ही काही बोलला नाहीत?"

पत्र्यावर पाऊस वाजत होता. मिस्त्रींनी ते उत्तर दिलं, जे ते बारा वर्षं देत आले होते. "मीच बांधलीय ती."

मधली त्यांच्याकडे बघत राहिली. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता; तसा असता तर बरं झालं असतं. वर्गात तिने दोनदा सांगितलं होतं, निबंधातही लिहिलं होतं, की माझ्या बाबांची भिंत कधी वाकडी होत नाही. तिने वही उघडली, पेन्सिल टेकवली आणि काही न लिहिता मिटली.

"राहू दे," ती म्हणाली. "हे नको लिहायला."

बापाची चूक पोरगी झाकून घेत होती. मिस्त्रींना ते बघवेना.

त्या संध्याकाळी मुलं काकूंकडे गेली होती. मिस्त्रीणबाई चुलीच्या उबेवर मोजे वाळवत होत्या. मिस्त्री बाजूला बसून बटाटे सोलत होते आणि एकच बटाटा कितीतरी वेळ सोलत होते.

"संपला तो," मिस्त्रीणबाई म्हणाल्या. "काय झालंय?"

त्यांनी सांगितलं. तुटक तुटक, पण सांगितलं. मागच्या भिंतीचं मुलांनी काढलं, मी बांधली म्हणालो, मधलीचं तोंड उतरलं.

मिस्त्रीणबाईंनी मोजा उलटा केला. "पण तुम्ही कुठे बांधलीत ती?"

मिस्त्रींच्या हातातली सुरी थांबली.

"मला काय डोळे नव्हते?" त्या म्हणाल्या. "थोरलीच्या वेळी सातवा महिना होता मला. तुम्ही पुढच्या बाजूला पायऱ्या करत होता. मी तुमच्या गुरूंना, थोरल्या मिस्त्रींना, पाणी द्यायला मागे गेले. ते सुतावरून बोट फिरवत होते. वीट ठेवायचे आणि अंगठ्याने तिची कड चाचपायचे. मला म्हणाले, मुली, पांढरं सूत फार चांगलं, लगेच दिसतं. सूत लाल होतं हो."

मिस्त्रींनी सोललेला बटाटा पाण्यात टाकला.

"तुम्ही बोलला नाहीत, मग मी तरी कशाला बोलू? म्हटलं, गुरुशिष्यांचं काही असेल. पण पोरीला खोटं सांगून तिचं तोंड का उतरवता?"

"मेलेल्या माणसाची लाज कशी काढायची?"

"लाज?" मिस्त्रीणबाईंनी मोजा खाली ठेवला. "म्हाताऱ्या माणसाचे डोळे गेले, यात लाज कसली? आणि त्यांनी आपणहून येऊन आपल्याला भिंत बांधून दिली, यात कसली?"

सातव्या दिवशी सकाळी पावसाचा जोर इतका होता की खिडकीतून समोरचं घरसुद्धा दिसेना. मुलं मागच्या खोलीत जायला तयार नव्हती. मिस्त्रींनी स्वतः सतरंजी उचलली, ती त्या भिंतीपाशी अंथरली आणि म्हणाले, "इकडे या. बसा. ही भिंत मी बांधलेली नाही. काल मी खोटं बोललो."

आणि मग मुके मिस्त्री बोलायला लागले. सुरुवातीला शब्द अडत होते, मग चालायला लागले.

त्यांनी सांगितलं की ते स्वतः विशीत असताना काम शोधत या शहरात आले आणि थोरल्या मिस्त्रींच्या हाताखाली लागले. थोरले मिस्त्री म्हणजे सहा फूट उंच, आवाज असा की चौथ्या मजल्यावरून खाली शिवी दिली तर रस्त्यावरचे सगळेच वर बघायचे. "मला पहिलं वर्षभर फक्त विटा भिजवायला लावल्या. वीट नुसती तळहातावर घेऊन सांगायचे, ही प्यायलीय, ही तहानलेली आहे. माझी पहिली भिंत त्यांनी लाथ मारून पाडली. दुसरीही. तिसरीला हात लावला, वरून खाली फिरवला आणि काही न बोलता चहा प्यायला गेले. तेव्हा मला कळलं की जमलं."

"लाथ मारून?" शेंडेफळाला ते फार आवडलं.

"लाथ मारून. मग मी हे घर बांधायला घेतलं. सुट्टीच्या दिवशी, एकट्यानेच. एक दिवस ते आले. काम सोडून त्यांना दोन वर्षं झाली होती. म्हणाले, एक भिंत माझी. मला आनंद झाला. मी पुढे पायऱ्यांचं काम करत राहिलो. संध्याकाळी मागे गेलो तर भिंत उभी. आणि बघताक्षणीच कळलं."

"मग तुम्ही सांगितलंत?" थोरलीने विचारलं.

"नाही. ते इतके खूश होते. घाम पुसत म्हणाले, ही माझ्या हातची शेवटची. मी म्हटलं, छान झाली. ठरवलं होतं की ते गेले की पाडून परत बांधायची. पण मग ते रोज संध्याकाळी यायला लागले. भिंतीपाशी बसायचे. कशी पाडणार? मी कोपऱ्यात खांब उभे केले. माझे सोबती घर बघायला आले आणि हसले. म्हणाले, दुसऱ्यांची घरं सरळ आणि स्वतःचं वाकडं? मी म्हटलं, घाईत झाली माझ्याकडून."

"लोक तुम्हाला हसले?" मधलीचा आवाज बदलला होता. "आणि तुम्ही ऐकून घेतलंत?"

"घेतलं."

थोरलीने भिंतीला पाठ टेकवली, जणू तिची ओळख नव्याने झाली होती. शेंडेफळाने भिंतीला हळूच लाथ मारून पाहिली. मधली मात्र कपाळाला आठी घालून विचार करत होती. तिचं समाधान झालेलं नव्हतं.

"पण बाबा," ती म्हणाली, "त्यांना कळलं कसं नाही?"

"त्यांना दिसत नव्हतं ना."

"दिसत नव्हतं. पण तुम्हीच म्हणालात, ते हाताने ओळखायचे. वीट प्यायली की तहानलेली ते हाताने कळायचं. तुमची भिंत हात फिरवून पास केली. मग ही रोज येऊन बघायचे तेव्हा हात लावायचे की नाही?"

"लावायचे," मिस्त्री म्हणाले.

लावायचे. रोज लावायचे. बसण्याआधी उजवा तळहात भिंतीवर ठेवायचे, खालून वर, जिथवर पोचेल तिथवर. बारा वर्षं ते दृश्य मिस्त्रींच्या डोळ्यांपुढे होतं आणि त्याचा अर्थ त्यांनी एकच लावला होता, की म्हातारा आपल्या कामावर मायेने हात फिरवतोय. आता त्यांना त्यातलीच एक संध्याकाळ आठवली. हात भिंतीवर ठेवूनच थोरल्या मिस्त्रींनी विचारलं होतं, "काही बोलायचंय का रे तुला?" आणि त्यांनी म्हटलं होतं, "नाही. काही नाही." थोरले मिस्त्री "बरं," म्हणाले आणि बसले. त्यानंतर ते दोनदाच आले असतील. मग दुखण्याचं निमित्त झालं.

"बाबा?" थोरलीने त्यांच्या गुडघ्याला हात लावला.

"त्यांना कळलं असेल," मिस्त्री सावकाश म्हणाले. "कळलंच असेल. माझ्या हे डोक्यातच आलं नाही कधी."

"मग ते का नाही बोलले?"

"मी बोलायची वाट बघत असतील."

"आणि तुम्ही त्यांना वाईट वाटेल म्हणून गप्प," मधली म्हणाली, "आणि ते तुमच्यासाठी गप्प. मग दोघांनाही वाईट वाटलं." तिने हे हिशेब तपासल्यासारखं सांगितलं आणि पुढे म्हणाली, "तुम्ही सांगायला हवं होतं."

"हो," मिस्त्री म्हणाले. "हवं होतं."

ते भिंतीकडे बघत बसले. शेंडेफळ त्यांच्या मांडीवर येऊन बसला आणि बाहेरच्या पावसाकडे बघत अंगठा चोखू लागला. बऱ्याच वेळाने दूध उतू गेल्याचा वास आला आणि सगळे एकदम स्वयंपाकघराकडे धावले.

पुढचे दोन दिवस मिस्त्रींना उसंत मिळाली नाही. सकाळी उठल्या उठल्या फर्माईश: बाबा, ती चौथ्या मजल्यावरची शिवी सांगा. बाबा, पाण्याच्या टाकीत अडकलेल्या ठेकेदाराची गोष्ट. त्यांच्या गोष्टींत राजे नव्हते, पण विटा, उंच भिंतींना दोरांवर लटकणारे पाळणे, पावसात वाहून गेलेली वाळू आणि एकदा जिन्यात चुकून भिंतीत चिणली गेलेली डब्याची पिशवी, असं पुष्कळ काही होतं. वीस वर्षांचं साठलेलं होतं, संपायचं कसं? धुलाईघरातून आल्यावर मिस्त्रीणबाईही ओल्या कपड्यांनिशी दारातच ऐकत उभ्या राहायच्या आणि मग स्वतःवरच चिडायच्या.

दहाव्या दिवशी ऊन पडलं. मिस्त्री सहाला निघाले.

त्यानंतर महिन्याभराने कामावर एक प्रसंग घडला. त्यांच्याबरोबर अठरा वर्षं काम करणारे एक जोडीदार होते, वयाने दहा वर्षांनी मोठे. मिस्त्री त्यांना दादा म्हणायचे. दादांनी रचलेला थर गेल्या काही दिवसांपासून सुतावरून सुटत होता. एरवी मिस्त्रींनी काय केलं असतं हे सगळ्यांना माहीत होतं: दादा जेवायला गेले की गुपचूप तेवढा भाग उतरवून परत रचला असता आणि अवाक्षर काढलं नसतं. तसं त्यांनी आधी दोनदा केलंही होतं. त्या दिवशी ते दादांच्या शेजारी जाऊन उभे राहिले.

"दादा, इथे जरा सुटलंय. दोघं मिळून उतरवू या."

दादांनी थापी परातीत आपटली. "तू मला शिकवणार? मुका कुठला! अठरा वर्षांत तोंड उघडलं नाहीस, आणि आज उघडलंस ते माझी चूक काढायला?"

"हो," मिस्त्री म्हणाले. तिथेच उभे राहिले.

दादा दुपारपर्यंत धुसफुसत राहिले. थर मात्र दोघांनी मिळून उतरवला, एकेक वीट, सिमेंट ओलं होतं तोवर. दुपारी दादा चहाचे दोन पेले घेऊन आले आणि वाळूच्या ढिगावर त्यांच्या शेजारी बसले.

"सूत मला दुहेरी दिसतं," दादा म्हणाले. "सहा महिने झाले. घरी कुणाला सांगितलं नाही."

"डॉक्टरकडे जाऊ. मी येतो बरोबर."

"तू येऊन काय बोलणार तिथे?"

"बोलेन की," मिस्त्री म्हणाले आणि चहाचा घोट घेतला.